क्षेपणास्त्राला दुसरा शब्द शोधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे संरक्षणविषयक मजकुराचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतात. एका पानात ‘क्षेपणास्त्र’ हा शब्द अकरा वेळा आला आणि ती पुनरुक्ती त्यांना खटकली. कोश चाळून त्यांनी अस्त्र, प्रक्षेपणास्त्र, अग्निबाण, बाण, रॉकेट आणि मिसाइल असे शब्द जमवले. हे आलटूनपालटून वापरले तर चालतील का, आणि क्रियापद ‘सोडणे’ घ्यावं की ‘डागणे’, असं त्यांनी विचारलं आहे.

आलटूनपालटून चालणार नाहीत. वृत्तपत्राच्या टेबलावर आणि पुढे लष्करी विषयांच्या भाषांतरात माझी पंचविसाहून अधिक वर्षं गेली. या यादीतल्या शब्दांनी जेवढे घोळ घातलेले मी पाहिले तेवढे एखाद्या अवघड पारिभाषिक शब्दाने क्वचितच घातले असतील. अवघड शब्द दिसला की माणूस कोश उघडतो. ‘अग्निबाण’ दिसला की ‘हे तर आपल्याला माहीत आहे’ म्हणून पुढे जातो.

आधी शब्दच उकलून पाहू. ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे. हा धातू आपल्या रोजच्या बोलण्यात आहे: आक्षेप, हस्तक्षेप, संक्षेप, पोथीत मागून कुणी घुसडलेली प्रक्षिप्त ओवी. ‘अस्त्र’ हा शब्द ‘अस्’ या धातूपासून आला. हा ‘असणे’मधला अस् नव्हे, दुसरा, त्याचाही अर्थ फेकणेच. ‘शस्त्र’ मात्र ‘शस्’ म्हणजे कापणे, मारणे यावरून. म्हणून हातात धरून चालवायचं ते शस्त्र आणि हातातून सुटून जातं ते अस्त्र, असा जुना भेद. अग्निपुराणात धनुर्वेदाचं जे प्रकरण आहे त्यात तर यंत्रमुक्त, पाणिमुक्त, मुक्तसंधारित, अमुक्त अशी वाटणीच केली आहे: यंत्राने सुटणारं, हाताने फेकायचं, फेकून परत धरायचं आणि हातातून न सोडायचं. यंत्रमुक्तात धनुष्याच्या जोडीला क्षेपणी, म्हणजे गोफण, येते. क्षेपणास्त्रातला ‘क्षेप’ तिथपासूनचा आहे.

अशा रीतीने ‘क्षेपणास्त्र’ या शब्दात फेकणं दोनदा आलं. काहींना हा शब्दाचा दोष वाटतो, मला वाटत नाही. आजच्या मराठीत ‘अस्त्र’मधलं फेकणं पुसट झालं आहे. रासायनिक अस्त्रं म्हणताना किंवा शस्त्रास्त्रांचा साठा म्हणताना ते कुणाच्याही मनात येत नाही. म्हणून ‘क्षेपण’ पुन्हा सांगावं लागलं. या कारणामुळेच नुसतं ‘अस्त्र’ हे क्षेपणास्त्राचा पर्याय होऊ शकत नाही. ते फार सैल आहे. शिवाय आता एक व्यावहारिक अडचण आहे. हवेतून हवेत मारा करणाऱ्या भारतीय क्षेपणास्त्राचं नावच ‘अस्त्र’ आहे. तुमच्या परिच्छेदात ‘हवाई दलाने अस्त्र वापरलं’ असं आलं तर जाणकार वाचक ते विशेषनाम समजेल आणि तुम्ही न केलेलं विधान तुमच्या नावावर जमा होईल.

शेजाऱ्यांकडे पाहिलं की आपल्या शब्दाची जागा नीट कळते. बंगालीत हाच शब्द आहे. हिंदीत ‘प्रक्षेपास्त्र’. कन्नड आणि तेलुगूत ‘क्षिपणि’. किती सुटसुटीत आहे पाहा. तमिळमध्ये ‘एवुकणै’, म्हणजे सोडलेला बाण. तो त्यांनी स्वतःच्या भाषेतून घडवला. तुम्हाला मिळालेलं ‘प्रक्षेपणास्त्र’ बहुधा हिंदीच्या शेजारामुळे कोशात आलं असावं. चूक नाही, पण मी ते वापरत नाही, कारण मराठीत ‘प्रक्षेपण’ दुसऱ्या दोन कामांना लागलं आहे: उपग्रहाचं प्रक्षेपण आणि सामन्याचं थेट प्रक्षेपण. मराठी वाचकाच्या कानात त्या शब्दाला शस्त्राचा वास नाही. ‘प्र’ काढून टाकलेला आपला शब्द त्या गर्दीतून वेगळा उभा राहतो, तो तसाच ठेवावा.

आता अग्निबाण आणि रॉकेट. ही जोडी आपसात समानार्थी आहे, पण क्षेपणास्त्राशी नाही. माझी आजी दिवाळीतल्या रॉकेटला ‘बाण’च म्हणायची. फुलबाजे, भुईनळे, चंद्रज्योती आणि बाण. बाटलीत काडी उभी करायची, वात पेटवायची आणि मागे सरायचं. त्या बाणात दारू स्वतःची आहे, मागून वायू बाहेर पडतो म्हणून तो पुढे जातो, आणि लांब काडी त्याला जमेल तेवढा सरळ ठेवते. पण सुटताना बाटली कलली तर तो शेजारच्या गॅलरीत जाणार, आणि वाटेत त्याला वळवणारं काही नाही. हे रॉकेट. त्यालाच वाटेत स्वतःची चूक ओळखून वळण्याची सोय केली, लक्ष्याकडे नेणारी यंत्रणा बसवली, पुढे स्फोटकं ठेवली, की क्षेपणास्त्र. म्हणून कोणताही मजकूर हाती आला की मी दोन गोष्टी तपासतो: या वस्तूला स्वतःचं इंजिन आहे का, आणि सुटल्यावर ती वळते का. इंजिनच नसेल तर तो गोळा किंवा बॉम्ब. इंजिन आहे पण वळत नाही, तर रॉकेट. दोन्ही असेल तरच सहसा क्षेपणास्त्र.

हा भेद किरकोळ नाही. पुण्यात पाषाणला असलेल्या संरक्षण संशोधनाच्या आयुध प्रयोगशाळेने ‘पिनाक’ घडवलं. एका गाडीवर बारा नळ्या, आणि त्या सगळ्या 44 सेकंदांत रिकाम्या होतात. 1999 मध्ये कारगिलच्या लढाईत ते वापरलं गेलं. मूळचं पिनाक ही रॉकेट डागणारी प्रणाली आहे. त्याची कल्पना एका ठिकाणावर अचूक बसण्याची नव्हती, एक आख्खा पट्टा क्षणात भाजून काढण्याची होती. बातमीत ‘पिनाक क्षेपणास्त्र’ लिहिलं की वाचकाला एक सुटं, नेमकं शस्त्र दिसतं आणि खरं चित्र हरवतं. पुढे पिनाकच्या रॉकेटवर दिशा सुधारणारी यंत्रणा बसवली गेली, त्यामुळे आता ही सीमारेषा धूसर झाली आहे हे खरं. तिथे मी ‘नियंत्रित रॉकेट’ लिहितो. ‘मार्गदर्शित’ लिहू नका. मराठीत मार्गदर्शन गुरुजी करतात, शस्त्राला ते शोभत नाही.

‘अग्निबाण’ शब्द मला मनापासून आवडतो, पण त्याचं वजन आता अवकाशाकडे झुकलं आहे. उपग्रह नेणाऱ्या वाहनाला जुनी मराठी पुस्तकं हौसेने अग्निबाण म्हणत, आणि चेन्नईच्या अग्निकुल कॉसमॉस या कंपनीने 30 मे 2024 रोजी श्रीहरिकोट्याहून उडवलेल्या रॉकेटचं नावच ‘अग्निबाण’ ठेवलं आहे. अवकाशाच्या लेखात हा शब्द जरूर वापरा. रणभूमीच्या मजकुरात वापराल तर तो पौराणिक मालिकेतला वाटेल आणि मृत्यूच्या बातमीला नको तेवढी शोभा येईल.

नुसत्या ‘बाण’ची गोष्ट वेगळी, आणि इतिहासाचं भाषांतर करणाऱ्याने ती लक्षात ठेवलीच पाहिजे. अठराव्या शतकातल्या मराठी कागदांत तोफा, जंबुरे, सुतरनाळा (या दोन्ही लहान तोफाच) यांच्या रांगेत ‘बाण’ आला तर तो पुष्कळदा दारूचा बाण असतो, धनुष्याचा नव्हे. म्हैसूरच्या हैदर आणि टिपूने त्याला लोखंडी नळी दिली आणि इंग्रजांना त्याचा असा तडाखा बसला की पुढे त्यावरून त्यांनी स्वतःची रॉकेटं बनवली. असा ‘बाण’ इंग्रजीत नेताना साधा तीर करून टाकला की लढाईचं शतकच बदलतं.

बॅलिस्टिक आणि क्रूझ हे शब्द मी देवनागरीत तसेच ठेवतो. मात्र पहिल्यांदा येतात तिथे एका वाक्यात उलगडतो, आणि त्यासाठी गोफणीइतकं चांगलं साधन मला सापडलेलं नाही. ज्वारी हुरड्यात आली की राखणीला माळ्यावर उभा असलेला माणूस आठवा. गोफणीच्या खोळीत गुंडा, दोन दोऱ्या मुठीत, डोक्याभोवती दोन-तीन गरके, आणि नेमक्या क्षणी एक दोरी सुटते. त्यानंतर गुंडा कुठे पडणार हे ठरून गेलेलं असतं. उरलेली वाट तो नुसता पडत असतो. बॅलिस्टिक क्षेपणास्त्र तत्त्वतः हेच करतं. इंजिन सुरुवातीची काही मिनिटं जळतं, वेग आणि दिशा देऊन थांबतं, आणि बाकीची मोठी कमान गुरुत्वाकर्षणाच्या हवाली. ‘अग्नी-५’चा पल्ला 5,000 किलोमीटरहून अधिक आहे, पण त्यातल्या बहुतेक वाटेवर इंजिन बंदच असतं. क्रूझ क्षेपणास्त्राचं उलट आहे: ते विमानासारखं हवेतून, इंजिन चालू ठेवून, अखेरपर्यंत उडत जातं. ‘ब्रह्मोस’ त्यातलं. इथे ‘क्रूझ’ काढून नुसतं ‘क्षेपणास्त्र’ ठेवलं तर वाचकाला रडारखालून सरपटत जाणारी ती उडी दिसत नाही.

आता एक जागा अशी की जिथे ‘क्षेपणास्त्र’ हा शब्द साफ चुकीचा आहे. इंग्रजीतला ‘मिसाइल’ लॅटिनमधल्या ‘पाठवणे, सोडणे’ अशा अर्थाच्या धातूवरून आला, आणि त्या भाषेत फेकलेल्या कोणत्याही वस्तूला तो लागतो. दगड, बाटली, नाणं, खुर्चीचा तुटका पाय. बरीच वर्षं झाली, रात्रपाळीला एका परदेशी फुटबॉल सामन्याची बातमी भाषांतर होऊन माझ्यापुढे आली. ‘प्रेक्षकांनी खेळाडूंवर क्षेपणास्त्रे डागली.’ पान सोडायला वीस मिनिटं होती. भाषांतर करणारा मुलगा हुशार होता, त्याला इंग्रजीही उत्तम येत होतं. त्याने फक्त कोशातला पहिला अर्थ घेतला होता आणि वाक्य पुन्हा वाचलं नव्हतं. आम्ही ‘बाटल्या आणि नाणी भिरकावली’ असं केलं, कारण मूळ बातमीत खाली तेच लिहिलेलं होतं. दंगल, मोर्चा, मैदान यांच्या मजकुरात हा शब्द दिसला की नेहमी खाली वाचा. काय फेकलं ते बहुधा पुढच्या ओळींत सापडतं. नाहीच सापडलं तर ‘हाती लागेल ते फेकलं’ ही सरळ मराठी आहे.

क्रियापदांबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण माझ्या मते नामापेक्षा गोंधळ इथे जास्त होतो. ‘डागणे’ मुळात तापल्या लोखंडाने चटका देणे. फारसीतला ‘दाग’ त्यात आहे, आणि शब्दांच्या डागण्या आपण आजही देतो. तोफेच्या कानावर पेटती बत्ती टेकवायची म्हणून तोफ डागली. प्रश्नांच्या सरबत्तीतली बत्तीही तीच. मग तोफ डागण्यावरून गोळा डागणं आलं, आणि तिथून क्षेपणास्त्र डागणं. आज बटण दाबतात, तरी शब्द टिकला आणि तो चांगला टिकला आहे. पण त्यात शत्रू गृहीत आहे. ‘डागलं’ म्हटलं की कुणावर हा प्रश्न येतोच. म्हणून चाचणीच्या बातमीत ‘ओडिशाच्या किनाऱ्यावरून क्षेपणास्त्र डागलं’ हे मला खटकतं. तिथे ‘चाचणी घेतली’ किंवा ‘सोडलं’ पुरे. ‘सोडणे’ सुटण्याच्या जागेकडे पाहतं: विमानातून सोडलं, पाणबुडीतून सोडलं. ‘डागणे’ पडण्याच्या जागेकडे पाहतं: तळावर डागलं, शहरावर डागलं. वाक्याचं तोंड कुठे आहे त्यावरून निवडा.

‘मारा’ एका क्षेपणास्त्राचा होत नाही, त्याला संख्या किंवा सातत्य लागतं. ‘मारा करणारं’ हे क्षमतेचं वर्णन असेल तेव्हा मात्र एकालाही चालतं. गोळी झाडतात, बॉम्ब टाकतात, पाणतीर (टॉर्पेडो) सोडतात, सुरुंग पेरतात. ही क्रियापदं आपापल्या नामाला घट्ट धरून आहेत, त्यांची अदलाबदल करू नका. आणि ‘उडवणे’ पूर्ण टाळा. ‘सैन्याने क्षेपणास्त्र उडवलं’ याचा अर्थ सोडलं असाही होतो आणि स्फोटाने नष्ट केलं असाही. युद्धाच्या बातमीत हे दोन अर्थ एकमेकांच्या अगदी विरुद्ध टोकाला आहेत. येणारं क्षेपणास्त्र अडवलं तर ‘हवेतच पाडलं’ म्हणा, त्यात शंका उरत नाही.

‘पल्ला’ हा आपला फार नेटका शब्द आहे. लांब पल्ल्याचं, मध्यम पल्ल्याचं, कमी पल्ल्याचं. ‘लघु पल्ल्याचं’ कशाला? काही जण पल्ल्यासाठी ‘टप्पा’ लिहितात. तोफेच्या टप्प्यात येणं हा जुना प्रयोग आहे खरा, पण क्षेपणास्त्राच्या मजकुरात टप्पा दुसऱ्या गोष्टीला हवा असतो. अग्नी-५ तीन टप्प्यांचं आहे, म्हणजे एकावर एक तीन इंजिनं आहेत. तिथे पल्ल्यालाही टप्पा म्हटलं की वाचक अडकतो. तसंच ‘जमिनीवरून जमिनीवर’. इंग्रजीत तिथे जो शब्द असतो त्यात समुद्राचा पृष्ठभागही येतो. नौकेवरून सुटलेल्या क्षेपणास्त्राला ‘जमिनीवरून’ लिहिलेलं मी कितीतरी वेळा दुरुस्त केलं आहे. नौका असेल तर सरळ ‘युद्धनौकेवरून’ लिहावं. आणि अण्वस्त्र म्हणजे क्षेपणास्त्र नव्हे: अण्वस्त्र हा माल आहे, क्षेपणास्त्र तो वाहून नेणारं वाहन. ‘अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्र’ हा शब्द दोघांना आपापल्या जागी ठेवतो.

नावांच्या लेखनाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण तुमच्या मजकुरात ती येणारच. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला ऱ्हस्व इकारान्त शब्द मराठीत एकटा असताना दीर्घ लिहितात आणि समासात पहिला आला की ऱ्हस्व. म्हणून ‘अग्नी-५’ची चाचणी, पण ‘अग्निबाण’. एकाच परिच्छेदात दोन्ही आले तर मुद्रितशोधक एकसारखे करून टाकतो, त्याला आधीच सांगून ठेवा. ‘पिनाका’ हे रोमन लिपीतून परत आलेलं रूप आहे. शंकराच्या धनुष्याचं नाव पिनाक. आपल्या घरच्या शब्दाला शेवटचा काना बाहेरून कशाला आणायचा? ‘ब्रह्मोस’ आणि ‘ब्राह्मोस’ दोन्ही छापलेलं दिसतं. ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या दोन नद्यांची नावं जोडून ते केलं आहे, म्हणून मी ‘ब्रह्मोस’ लिहितो.

‘मिसाइल’ला माझा विरोध नाही. संवादात, जवानाच्या तोंडी किंवा ‘मिसाइल मॅन’ या डॉ. कलाम यांच्या उपाधीत तोच शब्द जिवंत वाटतो. पण ‘शीर्षकात क्षेपणास्त्र मावत नाही’ हे कारण देऊ नये. मिसाइल चार अक्षरांचं आणि क्षेपणास्त्रही चारच अक्षरांचं.

आता तुमचं मूळ दुखणं, अकरा वेळा आलेला शब्द. पुनरुक्ती दिसली की समानार्थी शब्द घाला, ही निबंधाच्या तासाची सवय आहे. तांत्रिक मजकुरात शब्द बदलला की वस्तू बदलली असं वाचक समजतो, आणि तो तसं समजतो हे योग्यच आहे. मराठीत वाचकाच्या मनात नाम एकदा बसलं की पुढच्या वाक्यात ते गाळता येतं, किंवा ‘ते’, ‘त्याचे’, ‘दुसरं’ यांवर भागतं, कारण क्रियापदच लिंग-वचन सांगतं. क्षेपणास्त्र नपुंसकलिंगी, नौका स्त्रीलिंगी, तळ पुल्लिंगी. ‘पोचलं’ म्हटलं की कोण पोचलं हे कळतं. इंग्रजीला ही सोय नाही, म्हणून त्या मजकुरात नाम पुन्हा पुन्हा येतं, आणि आपण ते जसंच्या तसं ओढून आणतो.

तुम्ही नमुन्याला दिलेल्या परिच्छेदाचा आशय असा: नौकेवरून दोन क्षेपणास्त्रं किनाऱ्यावरच्या तळाकडे सोडली गेली, पहिलं क्षेपणास्त्र तळावर आदळलं, दुसऱ्या क्षेपणास्त्राला बचावाच्या क्षेपणास्त्राने अडवलं आणि त्या क्षेपणास्त्राचे तुकडे खाडीत पडले. तुमच्या मसुद्यात इथे ओळीने क्षेपणास्त्र, मिसाइल, अग्निबाण, अस्त्र आणि प्रक्षेपणास्त्र आली आहेत, आणि वाचणाऱ्याला त्या खाडीवर पाच वेगवेगळी शस्त्रं उडताना दिसतात. मी असं लिहीन: ‘युद्धनौकेवरून किनाऱ्यावरच्या तळावर दोन क्षेपणास्त्रं डागण्यात आली. पहिलं तळावर आदळलं. दुसरं, तळाच्या बचावासाठी सोडलेल्या क्षेपणास्त्राने वाटेतच पाडलं आणि त्याचे तुकडे खाडीत पडले.’ शब्द दोनदाच आला, एकदा हल्ला करणाऱ्यांसाठी आणि एकदा अडवणाऱ्यासाठी. फक्त मूळ इंग्रजी एकदा पुन्हा पाहून घ्या, खाडीत पडलेले तुकडे नक्की कोणाचे होते.